वकिलातीतील कवी

परदरबारी आपल्या राज्याची बाजू मांडणाऱ्यास पेशवाईत वकील म्हणत. परदेशातील राजदूताच्या कचेरीस आजही आपण वकिलात म्हणतो. या पदाचा धर्म असा की, वाणी आपली असली तरी वाक्य दुसऱ्याचे असते. कवीचा धर्म याच्या नेमका उलट. मग ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीच्या ठायी आली म्हणजे तिच्या काव्याचे काय होते, हा प्रश्न केवळ चरित्रकाराचा नव्हे, समीक्षकाचाही आहे.

फ्रेंच कवी सँ-जॉन पेर्स याने त्याचे उत्तर मौनाने दिले. अलेक्सी लेजे या मूळ नावाने १९३३ ते १९४० पर्यंत फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याचे सरचिटणीसपद सांभाळताना त्याने कविता प्रसिद्ध करण्याचे टाळले. मेक्सिकोचा ओक्ताव्हियो पाझ याने हा मार्ग पत्करला नाही. १९५१ साली कनिष्ठ अधिकारी म्हणून मुंबई बंदरात उतरलेला पाझ १९६२ मध्ये राजदूत होऊन दिल्लीस परतला. १९६९ सालच्या ‘लादेरा एस्ते’, म्हणजे ‘पूर्वेकडील उतार’, या संग्रहात त्या वर्षांतील कविता आहेत.

या संग्रहात हुमायूनची कबर आहे, लोदी उद्यान आहे आणि सज्जातून न्याहाळलेली दिल्लीची रात्र आहे. सज्जा ही राजदूताची जागा होय. तेथून दृश्य विस्तीर्ण दिसते, पण गल्लीतले बोलणे कानी येत नाही. पाझच्या भारतविषयक काव्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच उंचीतून उद्भवली आहेत, असे मला वाटते. शिल्प, काळ व देह यांचे त्याचे चिंतन सखोल आहे. येथील सामान्य माणसाचा स्वर मात्र त्यात क्वचितच उमटतो. अर्थात तो सज्जातच बसून राहिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६३ साली जे. स्वामिनाथन आदी चित्रकारांच्या ‘ग्रुप १८९०’च्या प्रदर्शनास त्याने प्रस्तावना लिहिली. शिवाय १९९५ मधील आपल्या भारतविषयक ग्रंथाच्या शीर्षकातच त्याने आपले दर्शन ओझरते असल्याचे मान्य केले.

२ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरातील त्लातेलोल्को चौकात सैन्याने विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळ्या झाडल्या. दहाच दिवसांनी तेथे ऑलिंपिकचे उद्घाटन व्हावयाचे होते. पाझने पद सोडले. कागदोपत्री तो राजीनामा होता की नाही, यावर पुढे वाद झाला. परंतु आपल्या शासनाचे वाक्य उच्चारण्यास त्याने नकार दिला, याविषयी दुमत नाही. जाण्यापूर्वी मुंबईहून तो सपत्नीक घारापुरीस गेला. तेथील रविवारावरच्या कवितेत मूर्ती भंगणाऱ्यांवर व बेटावर केरकचरा टाकणाऱ्यांवर आधी तो संतापतो. नंतर शिवपार्वतीस विनवितो, पण परलोकीचे काहीच मागत नाही. संग्रहात इतरत्र जाणवणारे सज्जाचे अंतर येथे उरलेले नाही. म्हणूनच या संग्रहातील ही कविता मला अधिक जवळची वाटते.

अनुवादक हाही एक वकीलच. परक्याचे वाक्य आपल्या वाणीने बोलण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून वाटते की, वाणी उसनी देण्यात कमीपणा नाही. मात्र ती कोठे परत घ्यावयाची, याचा विवेक जागा हवा. पेर्सने आपली कविता पदापासून दूर ठेवून जपली. पाझने ती पदासोबत वागविली, आणि निवडीचा क्षण येताच पद टाकले.