वंशावळींची पारख

कुलवृत्तान्त लिहिण्याचा उद्योग आपणांकडे नवा नाहीं. नवी आहे ती साधनांची सुलभता. राजवाडे यांनीं 1898 पासून प्रसिद्ध केलेले 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचे खंड व सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे 45 भाग आतां इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचावयास मिळतात. हरिद्वार आदि क्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्यांचीं छायाचित्रें फॅमिलीसर्चच्या संग्रहांत आहेत व तेथें नांव नोंदविण्यास मूल्य पडत नाहीं. ही सोय स्तुत्य आहे. परंतु तिच्या आधारें अलीकडे रचिलेल्या ज्या वंशावळी आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांवर आमचा मुख्य आक्षेप असा कीं, त्यांत प्रत्येक नांवास सारखेंच वजन दिलेलें असतें.

वंशावळ हाही एक कागदच होय. तो कोणीं, कोणापुढें व कशासाठीं केला, हें प्रथम विचारावें. 1852 च्या 11 व्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी झाली, तेव्हां जुनें इनाम पुढें चालणें हें बव्हंशीं पुरुषवंश सिद्ध होण्यावर अवलंबून होतें. वारसा सांगणारा तोच वंशावळ देणारा. अशा वंशावळींत लेकीसुना आढळत नाहींत व निपुत्रिक भाऊही पुष्कळदां गळतो. म्हणून तींत नांव नाहीं एवढ्यावरून ती व्यक्ति नव्हती असें म्हणतां येत नाहीं.

उपाध्यांच्या वहीची गोष्ट निराळी. यात्रेकरूनें स्वहस्तें लिहिलेला लेख त्याच्या स्वतःपुरता, पित्यापुरता व भावांपुरता बळकट पुरावा होय. त्याच्या वरच्या पिढ्या स्मरणानें सांगितलेल्या असतात. तोच लेख दुसऱ्या हातानें नव्या वहींत उतरला असल्यास त्याचें मोल आणखी कमी. सबब मूळ अक्षर पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

नातवास आजोबाचें नांव ठेवण्याच्या चालीमुळेंही घोटाळा होतो. थोरले बाजीराव 1740 सालीं वारले. त्यांचा नातू दुसरा बाजीराव 1775 सालीं जन्मला. एक बाजीराव बल्लाळ, दुसरा बाजीराव रघुनाथ, हा भेद पित्याच्या नांवानेंच कळतो. ज्या घराण्याचे कागद थोडे, तेथें नकलकाराची नजर एका नांवावरून त्याच नांवाच्या नातवावर गेली कीं मधल्या पिढ्या नाहींशा होतात.

सनाचेंही तसेंच. शुहूर सनांत 599 वा 600 मिळविले असतां इसवी सन येतो. दक्षिणेंतील फसलींत 590 वा 591 मिळवावे लागतात. 1170 हा आंकडा शुहूर धरल्यास 1769-70 व फसली धरल्यास 1760-61 होतो. नऊ वर्षांच्या या चुकीनें मृत पित्यास पुत्र होतो.

हा केवळ हौशीचा प्रश्न राहिलेला नाहीं. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधार्थ मोडी कागदांचे रुमाल ठिकठिकाणीं सुटले. जातीच्या दाखल्यासाठीं मूळ नोंदीपासून अर्जदारापर्यंतची सांखळी जोडावी लागते. तींतील एक कडी अंदाजानें बसविली तर विद्यार्थ्याचा खरा हक्कही संशयांत सांपडतो व पुढें तीच कडी छापील आधार म्हणून दुसरे घेतात.

म्हणून कुलवृत्तान्तकारांस आमची सूचना अशी आहे: प्रत्येक नांवापुढें तें समकालीन कागदांतलें, मागाहून दिलेल्या कैफियतींतलें, कीं ऐकीव, हें स्पष्ट लिहावें. जेथें दुवा मिळाला नाहीं तेथें जागा मोकळीच सोडावी. संग्राहकांनींही कागदाचें छायाचित्र घेतांना आपलें नांव असलेली ओळ तेवढी न घेतां पुरें पान, पाठपोट, समासासह घ्यावें व तो कोणत्या रुमालांतला हें टिपून ठेवावें. एवढें झालें तरच मोफत मिळालेल्या साधनांचा पुढील संशोधकास उपयोग होईल.