पेटींतील पत्रांचा वाद

स्कॉटलंडच्या इतिहासांत राणी मेरीच्या दोषादोषाइतका चिघळलेला वाद क्वचितच असेल. तिचा पति डार्न्ली याचा १० फेब्रुवारी १५६७ रोजीं एडिंबरो येथें खून झाला. खुनाचा आळ ज्याच्यावर होता त्या बॉथवेलशीं तिनें मे महिन्यांत विवाह केला. जूनमध्यें विरोधी सरदारांच्या हातीं रुप्याची एक पेटी आली. तींत राणीनें बॉथवेलास लिहिलीं म्हणून सांगितलेलीं आठ पत्रें, कांहीं कविता व दोन विवाहकरार असे कागद होते. १५६८ सालीं एलिझाबेथनें नेमलेल्या चौकशींत ते पुरावा म्हणून दाखल झाले. १५८४ नंतर अस्सल कागदांचा मागमूस लागत नाहीं. आज उपलब्ध आहेत त्या नकला व भाषांतरें.

१७५४ सालीं वॉल्टर गुडॉल यानें, छापलेलीं फ्रेंच पत्रें मूळ नसून भाषांतरावरून केलेलीं आहेत, असें दाखविलें व त्यावरून सर्व पत्रें बनावट ठरविलीं. त्याचें पहिलें विधान बिनतोड, दुसरें उतावळें. छापील प्रत भाषांतरित निघाली म्हणून मूळ पत्र नव्हतेंच असें होत नाहीं. कांहीं पत्रांच्या निराळ्या फ्रेंच नकला पुढें इंग्लंडांतील दफ्तरांत सांपडल्याच. उलटपक्षीं ह्यूम व रॉबर्टसन यांनीं पत्रें अस्सल मानलीं. मेरीच्या पक्षानें चौकशींत उत्तर टाळलें यावर ह्यूमचा भर आहे. परंतु तिला समक्ष येऊं दिलें नव्हतें व अस्सल पत्रेंही दाखविलीं नव्हतीं, हें ध्यानांत घेतां मौनाचा हा पुरावा लंगडा पडतो.

दोन्ही पक्षांची चूक आमच्या मतें एकच: पेटी एक, म्हणून निर्णयही एक, असें त्यांनीं गृहीत धरलें. पत्रांवर राणीची सही नाहीं, बॉथवेलचें नांव नाहीं. तेव्हां पत्र खरें, पण तें दुसऱ्यास लिहिलेलें, किंवा मजकूर खरा, पण त्यांत चार ओळी घुसडलेल्या, हेही संभव उरतात. जॉन गाय यांनीं २००४ सालच्या चरित्रांत अशी छाननी केली आहे, व ती दिशा आम्हांस ग्राह्य वाटते. मात्र अडचणीच्या तेवढ्या ओळी प्रक्षिप्त म्हणण्याचा मोह येथेंही टाळला पाहिजे. प्रक्षेपासही स्वतंत्र प्रमाण हवें.

राणी निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. विरोधकांच्या ताब्यांतून आलेल्या व अस्सल हरवलेल्या कागदांवर तिला खुनी ठरवितां येत नाहीं, आणि त्याच कागदांच्या दोषांवरून तिला निर्दोषही ठरवितां येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.