थंडीचा पाहुणचार

डोंगरकड्याच्या शिवारात पारा दहाच्या खाली उतरला की केळीवाल्यांची झोप उडते. पोंगा सरकत नाही, घड निसवताना अडकतो. मग रात्रीचं पाणी द्यायचं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. थंडी ही इथे हाकलून लावायची गोष्ट. तेव्हा थंडीचंच घर बांधून, वर पैसे मोजून त्यात झोपायला जाणारे लोक इथल्या माणसाला खुळे वाटले, तर नवल नाही. पण स्वीडनमधल्या युक्कासयार्वी गावातलं बर्फाचं हॉटेल एक कलाकृती म्हणून सावकाश पाहिलं, तर या खुळामागची कारागिरी उलगडत जाते.

कलाकृती म्हणायला आधार आहे, कारण ते हॉटेल म्हणून जन्मलंच नाही. गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, सुमारे दीडशे किलोमीटरवर, तोर्न नदीच्या काठी. उन्हाळ्यात तिथे पर्यटक येत, हिवाळ्यात कुणी फिरकत नसे. इंग्वे बर्गक्विस्ट यांनी १९८९ च्या सुमारास जपानी बर्फशिल्पकारांची कला तिथे आणली, पुढे बर्फाच्या घुमटात चित्रप्रदर्शन भरवलं, आणि काही पाहुण्यांनी रेनडिअरच्या कातड्यांवर अंग टाकून रात्र तिथेच काढली. पाहायला आलेला माणूस मुक्कामाला राहिला आणि प्रदर्शनाचं हॉटेल झालं. आजही दर हिवाळ्यात निरनिराळ्या देशांतले कलावंत निवडून त्यांच्याकडून खोल्या घडवल्या जातात. गेल्या सालची खोली यंदा नसते.

यातलं पहिलं सौंदर्य माध्यमाचं. आपल्याकडे बर्फाच्या कारखान्यातली लादी निरखून पाहा. कडेला काचेसारखी, मधोमध मात्र पांढरीफटक. डब्यातलं पाणी चारी बाजूंनी गोठत आत येतं, पाण्यात विरघळलेली हवा मध्ये कोंडते आणि बुडबुड्यांचा तो पांढरा गाभा तयार होतो. नदी वरून खाली, एकाच दिशेने गोठते. सुटलेली हवा खालचा प्रवाह वाहून नेतो. म्हणून तोर्नचा बर्फ आरपार नितळ. मार्चच्या आसपास हे मोठमोठे ठोकळे कापतात, उन्हाळाभर शीतगोदामात ठेवतात आणि पुढच्या हिवाळ्यात वापरायला काढतात. म्हणजे यंदाचं हॉटेल गेल्या सालच्या नदीचं. वसंतात ते वितळतं आणि पाणी पुन्हा तोर्नमध्येच जातं.

दुसरं सौंदर्य घाटाचं. बर्फ दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्याची सपाट तुळई टाकली तर ती मधोमध मोडेल. म्हणून इथे छत आहे ते कमानीचंच. पोलादी साचे उभे करून त्यांवर हिम आणि बर्फ यांचं घट्ट मिश्रण फवारतात आणि ते पक्कं झालं की साचे काढून घेतात. भिंत केव्हा संपली आणि छत केव्हा सुरू झालं, ते डोळ्याला कळत नाही. ही गोलाई कुणी हौसेने काढलेली नाही, माध्यमाने लादलेली आहे. लादलेल्या वृत्तातून कवीने लय काढावी, तसं शिल्पकारांनी या सक्तीतून रूप काढलं आहे.

तिसरं सौंदर्य उजेडाचं. जाड बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, मागे उरते ती निळाई. बाहेरही डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजावर येत नाही, भर दुपारी फक्त संधिप्रकाश असतो. उत्तरेकडच्या या लांबलेल्या पहाटेची चर्चा लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात केली होती. त्यांनी ती पोथ्यांतून शोधली. इथे ती भिंतींत भरलेली आहे.

मात्र खरा मर्माचा भाग रात्रीचा. बाहेर उणे तीस असलं तरी हिमात कोंडलेल्या हवेमुळे आत तापमान उणे पाच ते उणे आठ एवढंच राहतं. हे घर बाहेरचा जीवघेणा गारठा अडवतं आणि आतला गारठा माणसाच्या उबेपासून जपतं. दोन्ही बाजूंचा असा तोल क्वचितच कुठल्या वास्तूला सांभाळावा लागतो. सामान शेजारच्या गरम इमारतीत ठेवायचं. खोलीला दार नाही, पडदा आहे. बर्फाच्या ओट्यावर गादी, तिच्यावर कातडी, आणि उबदार झोळीत शिरून गळ्यापर्यंत चेन ओढायची. हिम आवाज गिळतं, त्यामुळे ऐकू येतो तो आपलाच श्वास. त्याची वाफ वर जाऊन छतावर दहिवर होऊन बसते. यजमानाने ऊब सोडून सगळं दिलेलं असतं, ऊब पाहुण्याने स्वतःच्या अंगातून आणायची. सकाळी गरम लिंगनबेरीचा रस घेऊन कुणी उठवायला येतं, तेव्हा ती देवघेव पुरी होते.

जहाजाने येणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून हुर्टिगरुटेनची जहाजं धावतात. ती बर्गनहून किर्केनेसला जातात. एवढ्या उत्तरेलाही अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे तिथलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही. जहाज काही तास थांबतं, तेवढ्यात प्रवासी किर्केनेसचं असंच एक हिमहॉटेल पाहून येतात. भिंतीवरची कोरीव चित्रं, बर्फाचा बार, दोन फोटो, की परत जहाजावरच्या गरम केबिनमध्ये. रसांच्या भाषेत बोलायचं तर त्यांना अद्भुत भेटतो आणि तिथेच थांबतो. शांत रसाला रात्र लागते.

एक उणंही सांगायला हवं. २०१६ पासून युक्कासयार्वीत या हॉटेलचा एक भाग बारमाही झाला आहे. उन्हाळ्यात मध्यरात्रीही न मावळणाऱ्या सूर्याच्या विजेवर तो थंड ठेवतात. युक्ती अजब आहे, सूर्याकडूनच बर्फ राखून घेण्याची. पण यंत्राने टिकवलेल्या खोलीत नदीशी असलेलं देणंघेणं तुटतं, ती खोली बाराही महिने उघडी असणाऱ्या प्रेक्षणीय स्थळांत जमा होते. मोसमी हॉटेलची सर तिला नाही.

म्हणून उत्तरेच्या सफरीचा बेत आखणाऱ्याने बंदरावरचा धावता फेरफटका पुरेसा मानू नये, एक रात्र राखून ठेवावी. ही कलाकृती पाहण्यात अर्धी आणि निजण्यात पुरी होते.