घासलेली राणी

मुलाची योग्यता ठरवायला आपल्याकडे पत्रिका पुरते. रुपयाची ठरवायची तर भिंग लागते. जळगावात राहायचे आणि चांदीच्या कलदार रुपयाबद्दल मत नसायचे, हे भरिताला नावे ठेवण्याइतकेच अवघड. सराफ बाजारात सोन्याचा भाव विचारायला गेलेला माणूससुद्धा राणीछापाविषयी चार गोष्टी ऐकूनच परततो. मी बऱ्याच ऐकल्या. तेव्हा आता या नाणी पारखणाऱ्या मंडळींचीच थोडी पारख करावी म्हणतो.

पहिली तक्रार त्यांच्या भाषेबद्दल. नाण्याच्या स्थितीला ते ‘गुड’, ‘फाईन’, ‘व्हेरी फाईन’, ‘एक्स्ट्रीमली फाईन’ अशा पदव्या देतात. भोळा माणूस ‘गुड’ ऐकून हुरळतो. प्रत्यक्षात ‘गुड’ म्हणजे राणीचा चेहरा सपाट आणि साल कसेबसे वाचता येते. स्थळ सुचवणारे काका म्हणतात ना, “मुलगा स्वभावानं चांगला आहे हो!” तोच हा ‘गुड’.

शिवाय गुणही देतात, तेही सत्तरपैकी! शंभरपैकी का नाहीत? तर डॉ. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९४९ साली तिकडच्या जुन्या सेंटसाठी ही मोजपट्टी काढली. अगदी झिजलेल्या सेंटच्या सत्तरपट किंमत उत्तम सेंटला, असा त्यांचा हिशेब. ते भाव केव्हाच बदलले. सत्तर मात्र राहिले. तीच पट्टी पुढे चांदीच्या डॉलरला लागली आणि आता आपल्या रुपयालाही लावतात.

आपल्याकडे पूर्वी पोतदार असे. वसुलीचे रुपये तो वाजवून पाही, खोटा बाजूला काढी, झिजलेल्याला बट्टा लावी. त्याचा प्रश्न सरळ होता : यात चांदी किती उरली? संग्राहकाचा प्रश्न वेगळा : हा रुपया किती कमी वापरला गेला? म्हणजे ज्याने जन्मात कुणाची उधारी फेडली नाही, भाजी आणली नाही, तो रुपया पहिल्या वर्गात!

पण त्यांच्या नजरेला दाद द्यावीच लागेल. रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हे कुणीही सांगेल. व्हिक्टोरियाचे कानाजवळचे केस आणि गाल आधी झिजतात, हे पाहायला सवय लागते. सातवा एडवर्ड मुळातच टकला. तिथे झीज कुठली आणि निसर्ग कुठला, हे ठरवणे अनुभवी माणसाचेच काम. सहाव्या जॉर्जचा रुपया १९४० पासून निम्म्याच चांदीचा झाला आणि १९४७ साली तर निकेलचा.

दुर्मिळतेची गोष्ट आणखी गमतीची. १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती काढला होता. सोंड अशी आखूड, की लोकांना तो डुक्कर दिसला. भावना दुखावल्या, सरकार घाबरले. ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांतले सुमारे सात लाख बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. त्यामुळे बिघडलेला हत्ती महाग आणि नीट हत्ती स्वस्त! उलट १९१८ साली हिंदुस्थानात रुपयांना चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेने सुमारे सत्तावीस कोटी डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी इंग्रजांना आपल्यासाठी विकली. तिकडचा संग्राहक ज्या डॉलरसाठी हळहळतो, तो आपल्या आजीच्या पेटीत जॉर्जचे तोंड घेऊन पडलेला असेल. दुर्मिळपणा हा नाण्याचा गुण नव्हे. बाकीच्यांवर आलेला प्रसंग आहे.

माझे खरे भांडण आहे ते पुढेच. दर लक्ष्मीपूजनाला घरोघरी हे रुपये चिंचेने, राखेने लख्ख घासतात. संग्राहक ते पाहून डोळे मिटतो. घासलेल्या नाण्याचे गुण गेले! सातपुड्याकडच्या बाईच्या गळ्यातल्या माळेचा रुपया तर नापासच, कारण त्याला कडी डाखलेली. भिंगाला डाग दिसतो, पण तो कशापायी पडला ते दिसत नाही. कडी लावली म्हणून तो रुपया बाजारात मोडला गेला नाही, गळ्यात राहिला, हे त्या सत्तर गुणांत कुठेच बसत नाही.

तरीही मी शेवटी भिंगवाल्याच्याच बाजूचा. कारण चांदीचा भाव चढला की आजीचे रुपये मुशीत जातात, आणि मूस साल वाचत नाही. भिंगवाला निदान वाचतो तरी. तेव्हा भाऊ, मोडायला काढण्याआधी एकदा नीट पाहा. पाचव्या जॉर्जचा रुपया असेल तर मागे तळाच्या कमळाखाली ठिपका आहे का बघा; असला तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. नाणे कडेने धरा आणि विकायचे म्हणून नव्याने घासू नका. एवढे करूनही तो ‘गुड’च म्हणाला, तर रागावू नका. राणीच्या गालावरून आमच्या चार पिढ्यांच्या दिवाळ्या गेल्यात, एवढे त्याला सांगा आणि रुपया परत पेटीत ठेवा.