ओफीर म्हणजे सोपारें काय ?

यहुदी धर्मग्रंथांत सुवर्णाविषयीं प्रसिद्ध असलेलें ओफीर म्हणजेच उत्तर कोंकणांतील आपलें सोपारें, हें मत इतक्या वेळां मांडिलें गेलें आहे कीं, तें सिद्धच झालें असा वाचकाचा समज व्हावा. मूळ वचनें वेगवेगळीं तपासलीं असतां तो समज टिकत नाहीं.

राजांच्या पहिल्या पुस्तकांत, नवव्या अध्यायीं, शलमोनाचीं गलबतें ओफीराहून ४२० किक्कार सोनें आणितात. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत हाच आंकडा ४५० आहे. दहाव्या अध्यायांत हस्तिदंत, वानर व मोर आणणारीं गलबतें येतात. पण त्या वचनांत ओफीराचें नांवच नाहीं! मोराचा हिब्रू शब्द तमिळ ‘तोकै’वरून व वानराचा संस्कृत ‘कपि’वरून साधून जो भारतीय पक्ष उभारितात, तो ह्या सरमिसळीवर उभा आहे. शिवाय वानरवाचक तसलाच शब्द प्राचीन मिसरी भाषेंतही आहे. कोंकणांत सोन्याची खाण नाहीं, हें निराळेंच.

नामसादृश्याचा विचार अधिक सावधपणें केला पाहिजे. ओफीराशीं जुळतें तें ‘सोपारक’ हें प्राकृत रूप. कारण संस्कृत ‘शूर्पारक’ शब्दांतील पकारापूर्वींचा रेफ त्यांत लोपला आहे. उषवदाताच्या नाशिक येथील लेखांत, म्हणजे इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतही, ‘शोर्पारग’ असा रेफयुक्त पाठ आढळतो. शलमोन तर इ. स. पूर्वी दहाव्या शतकांतला. भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं सोपाऱ्यास मिळालेला अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडा त्याच्या मागून सुमारें सातशें वर्षांचा आहे. हिब्रू शब्दांत आरंभीं सकारही नाहीं. तो ‘सोफिर’ इत्यादि ग्रीक रूपांत दिसतो, आणि तें भाषांतर इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकापासून पुढें अलेक्झांड्रियांत झालें. तेव्हां त्या सकारावरून, फार तर, अलेक्झांड्रियांतील विद्वानांची समजूत कळेल. पहिल्या शतकांतील जोसीफसही ओफीर हिंदुस्थानांतच घालतो. ही समजूत स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे. मात्र ती शलमोनाच्या काळचा पुरावा नव्हे.

उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायांत ओफीर हा यक्तानाच्या पुत्रांत, शबा व हवीला ह्यांच्यामध्यें, गणिला आहे. शबा दक्षिण अरबस्तानांतील. त्यामुळें आमचा कल तिकडे आहे. १९४६ सालीं तेल कसीले येथें पृष्ठभागावर सांपडलेल्या खापरावर ओफीरच्या सोन्याचा, ३० शेकेलांचा, उल्लेख आहे. नांव व्यवहारांत चालू होतें एवढें त्यावरून दिसतें. स्थळ ठरत नाहीं. सोपाऱ्याच्या पक्षकारांनीं आतां शब्द बाजूस ठेवून तेथील भूमींतून दहाव्या शतकाचा थर दाखवावा.