नौकेवरून पाहिलेलें बेट

भूमध्यसमुद्रांतील एखाद्या बेटाभोंवतीं भाड्याच्या विलासनौकेंतून आठवडाभर फिरून आलेल्या गृहस्थाचें प्रवासवर्णन हातीं पडलें, कीं त्यांत काय असेल हें आम्हांस बहुधा पानें न उलटतांच कळतें. पाणी नीलमण्यासारखें असावयाचें, कडे सायंकाळीं सोनेरी व्हावयाचे, खलाशी हंसतमुख असावयाचे, आणि किनाऱ्यावरचें गांव 'जणूं चित्रांतलें' असावयाचें. ह्या शेवटच्या दोन शब्दांतच सारा दोष सांठविलेला आहे. चित्राला आपण कांहीं विचारीत नाहीं, आणि तेंही आपणांस कांहीं विचारीत नाहीं.

सुटींत गेलेल्या मनुष्याला ग्रंथकाराची कसोटी कशाला, असें कोणी म्हणेल. त्याच्या सुखाबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. परंतु सुख भोगून परतल्यावर 'मीं मायोर्का पाहिलें' असें तो छापून प्रसिद्ध करतो, तेव्हां तो आपल्या पायांनीं टीकाकाराच्या अंगणांत येतो.

सारा दोष नौकेच्या माथीं मारणेंही बरोबर नाहीं. मायोर्का व तिच्या भगिनीद्वीपांविषयीं जो सर्वांत विस्तृत ग्रंथ झाला, तो नौकेवर राहणाऱ्या मनुष्याचाच आहे. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील आर्चड्यूक लुड्विग साल्वाटोर (१८४७–१९१५) हा १८६७ सालीं ऐन विशींत, खरें नांव लपवून ह्या बेटांवर प्रथम उतरला. पुढें त्यानें 'निक्से' नांवाची वाफेची नौका घेतली आणि तिलाच आपलें घर केलें. १८९३ त ती अल्जीरियाच्या किनाऱ्यावर फुटली, तेव्हां त्यानें दुसरी मिळविली. आणि त्या आपत्तीवरही एक पुस्तक लिहिलें! त्याचा 'दी बालेआरेन' हा सात भागांचा जर्मन ग्रंथ १८६९ ते १८९१ ह्या काळांत बाहेर पडला.

ऐश्वर्यांत हा राजपुत्र आजच्या नौकाविहाऱ्याला हार जाणारा नव्हता. फरक इतकाच कीं त्याला ठाऊक नसलेलें पुष्कळ होतें व तें ठाऊक नाहीं हें त्याला कळत होतें. त्यानें मोठी छापील प्रश्नावली तयार करून ती पाद्री, वैद्य, शिक्षक, अधिकारी अशांकडे धाडली. हवा, पिकें, घरें, वेष, रीतिरिवाज, सर्वांविषयीं विचारलें. स्वतः डोंगर पायीं तुडविले. त्रामुंताना पर्वताच्या उतारांवर, आमच्या कोंकणांतील गडग्यांप्रमाणें चुन्यावांचून दगडावर दगड रचून बांधलेल्या ज्या ताली आहेत, त्या नौकेवरून नुसत्या रेघा दिसतात. त्यांवर ऑलिव्ह कसें पिकतें हें पाहावयाचें तर चढावेंच लागतें. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टीही त्याच्या पुढें आल्या, आणि १८९६ त त्यानें मायोर्कांतील लोककथांचें एक पुस्तक काढलें.

हा ग्रंथ रसाळ आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. याद्या संपतां संपत नाहींत. आणि कष्टकऱ्याची पाठ मोडते कीं नाहीं, ह्यापेक्षां त्याच्या अंगांतील वेषाचे रंग राजपुत्राला अधिक दिसतात. त्यानें वाल्देमोसा व देया ह्या गांवांमधील किनाऱ्यावरच्या मळ्यामागून मळे विकत घेतले. प्रेमानें का होईना, पण पाहणाराच धनी झाला कीं नजर थोडी बदलतेच.

उलट, जमिनीवर राहिल्यानें दृष्टि येतेच असेंही नाहीं. जॉर्ज सँड ह्या फ्रेंच लेखिकेनें १८३८–३९ चा हिंवाळा शोपँसह वाल्देमोसाच्या मठांत काढला, आणि १८४२ त प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत बेटवासीयांवर यथेच्छ तोंडसुख घेतलें. परततांना आगबोटींत डुकरांची संगत घडल्याचा राग तर पानोपानीं! शोपँच्या क्षयाला लोक भ्याले, हें तिला क्रौर्य वाटलें. तिचा न्याय एकांगी आहे. तथापि तें पुस्तक अजून वाचवतें, कारण तिचें त्या लोकांशीं निदान भांडण तरी झालें होतें. विलासनौकेवरील पाहुण्याचें कोणाशीं भांडणही होत नाहीं. भाजी महाग कां, पाणी कोठून येतें, हे प्रश्न त्याचा आचारी परस्पर मिटवतो.

ह्या न विचारण्याची किंमत केवळ वाङ्मयच देत नाहीं. ज्या पारदर्शक पाण्याचें एवढें कौतुक चालतें, त्या पारदर्शकतेचें एक मोठें कारण पोसिडोनिया ही वनस्पति आहे. ती शेवाळ नव्हे. मुळें, पानें व फुलें असलेलें तें समुद्रतळावरचें गवत आहे. त्याचीं कुरणें गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. इबिझा व फोर्मेंतेरा ह्यांमधील कुरणें १९९९ त जागतिक वारशांत गणलीं गेलीं. हें गवत आडवें पसरतें तें वर्षाला सेंटिमीटरभर, फार तर थोडें अधिक. म्हणून मोठ्या नौकेचा नांगर व सांखळी ह्यांनीं उपटलेली जागा भरून येण्यास कित्येक पिढ्या लागतात. ह्यास्तव बालेआरिक सरकारनें २०१८ सालीं ह्या कुरणांवर नांगर टाकण्यास मनाई केली.

आम्ही ज्या तऱ्हेच्या लेखनाविषयीं बोलत आहों, त्यांत ह्या प्रसंगाला अर्धें वाक्य मिळतें: 'निळ्याशार पाण्यांत नांगर टाकला.' लगेच न्याहारीचें वर्णन सुरू होतें. नांगर वाळूवर पडला कीं गवतावर, हें लेखकानें आपल्या तांडेलालासुद्धां विचारलेलें नसतें.