चुकलेल्या तारखेचे मोल

शाळेची शताब्दी किंवा चाळीचा पुनर्विकास जवळ आला, की ‘जुन्या माणसांना बोलते करू या’ असे ठरते. ध्वनिमुद्रण होते, स्मरणिका निघते. तिच्यात सारे एकाच प्रमाणभाषेत बोलतात आणि कोणाचीही तारीख चुकत नाही. अशा निर्दोष पानांविषयीच मला शंका येते.

या कामाचा वस्तुपाठ मराठीत १९८९ पासून उपलब्ध आहे : उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या या इतिहासात आधी नियतकालिके, सभांचे वृत्तांत, पत्रव्यवहार यांचा आधार आहे. उत्तरार्धात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती आहेत. ही रचना निव्वळ सोयीची नव्हे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद झाली. तिचे ठराव कागदात सापडतात. पण घरातून निघणे कसे जमले, मागे चूल कोणी सांभाळली, हे विचारायला त्या बायांकडेच जावे लागते.

कागद आणि आठवण जुळली नाही तर? इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना मात्र अनेकांनी हा मृत्यू १९५३ च्या नोकरकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी तारीख तपासली आणि चूकही जपली. ज्या मृत्यूला तेव्हा उत्तर देता आले नाही, तो आठवणीने पोटाच्या लढ्यात नेऊन ठेवला होता. घटना कागदाने सांगितली, तिचा सल चुकीने.

आपल्याकडे हे गिरणगावात दिसावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. तो ‘कधी संपला’ या प्रश्नाला म्हणूनच घरागणिक वेगळे उत्तर असू शकते : कोणाला गावची गाडी पकडली तो दिवस आठवेल, कोणाला बायकोने खाणावळ सुरू केली तो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ च्या इंग्रजी ग्रंथात गिरणगावचे असे अनेक आवाज एकत्र आणले. संपादकाने सगळ्या उत्तरांची एक तारीख केली, तर इतिहास नीटनेटका होईल आणि संप हरवेल.

तेव्हा प्रकल्पाची आखणी प्रश्नावलीआधी सुरू व्हायला हवी. नेहमी बोलणाऱ्या चार पुढाऱ्यांपलीकडे कोणाकडे जायचे, याची यादी आधी करावी. नोंद कशासाठी आहे, ती कोण ऐकणार, हे सांगणाऱ्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी. नाव गाळायचा हक्क त्याला असावा. छापताना आपला प्रश्नही छापावा, कारण उत्तराला वळण प्रश्नच देतो. बोली सुधारू नये. तारीख चुकली तर दुरुस्ती तळटीपेत द्यावी, वाक्यात नव्हे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि एक सांगणाऱ्याच्या घरी द्यावी.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढता येते. ऐंशीच्या घरातल्या माणसाने एकदाच सांगितलेले पुसले गेले, तर ते पुन्हा विचारायला कोणाकडे जाणार?